न टेकणारी दोड्डव्वा

दोड्डव्वाला मी कधी टेकून बसलेली पाहिली नाही. भिंत असो, लोड असो की खुर्चीची पाठ असो, तिच्या पाठीत आणि त्या वस्तूत चार बोटांचं अंतर कायम असायचं. लग्नकार्यात जेवणं झाली की बाकीच्या बायका भिंतीला लागायच्या. ही मधोमध ताठ बसलेली असायची, आत्ता कोणीतरी आपलं नाव पुकारणार आहे अशी. दोड्डव्वा म्हणजे कन्नडात मोठी आई. ती माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या सोलापुरी लिंगायत घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात. हाक कन्नडात मारायची आणि बोलणी मराठीत खायची, असा आमचा रिवाज.

तिचं बाजारात ज्वारीचं आडत दुकान होतं. यजमान अचानक गेले तेव्हा बाजाराने गृहीत धरलं की ती दुकान विकून भावाकडे जाईल. दुःखाचे दिवस सरताच ती दुकानात आली, गादीवरचे दोन्ही लोड उचलून आत टाकायला लावले आणि म्हणाली, "हे झोपणाऱ्यांना ठीक हाय." त्या गादीवर ती पुढे आयुष्यभर बसली. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून ती मालाची जात सांगायची. माणसाची जात सांगायला तिला दाणाही लागत नसे.

तिचे सत्कारही झाले. महिला दिन आला की कुठल्या ना कुठल्या मंडळाला बाजारातली एकमेव बाई आठवायची. ती जायची, सगळी भाषणं ताठ बसून ऐकायची आणि शाल-नारळ घेऊन यायची. नारळ हमालांना मिळायचा. शाली ती पावसाळ्यात पोत्यांवर पांघरायची. "माणसापेक्षा ज्वारीला गारठा लवकर बाधतो," असं ती एका अध्यक्षांना त्यांच्या तोंडावर म्हणाली होती. ते हसले. त्यांना वाटलं, ही शेतीविषयक माहिती आहे.

मग त्याच पाठीने दगा दिला. मणक्यात काहीतरी वाढलं, ऑपरेशन झालं, आणि कमरेखालचं शरीर तिचं राहिलं नाही. डॉक्टर समजावून सांगत होते, आता व्हीलचेअर, आता जपून, आता नीट टेकून बसत जा. शेवटच्या सूचनेवर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते औषधांकडे वळले.

घरात तिने खुर्चीला आठवड्याभरात वळण लावलं. प्रश्न उंबऱ्याबाहेरचा होता. पहिल्यांदा बाहेर पडायचं ठरलं तेव्हा दुकानातले तिचेच हमाल धावून आले. त्यांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी तिला चौघांत उचललं आणि रिक्षाकडे नेलं. गल्ली पाहत होती. मध्येच पदर घसरला, डोकं मागे लोंबलं, आणि तिचे पाय रिक्षाच्या दांडीवर आपटले, ते तिला कळलंही नाही. आयुष्यभर तिने पोती कशी उचलतात, कशी फेकतात हे पाहिलं होतं. तिने त्यांना परत फिरायला लावलं. खुर्चीत बसल्यावर पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "इथून पुढं मला उचलायचं न्हाय. मी पोतं न्हाय."

त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. हेही आम्ही निभावलं असतं. पण तिकडे अक्कलकोटच्या पलीकडच्या गावी, माझ्या थोरल्या भावाकडे, आई अंथरुणाला खिळली. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तिला हलवायचं नाही म्हणून सांगितलेलं. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, म्हणजे एकमेकींच्या खोकण्यावर लक्ष ठेवायच्या. एकदा फोन ठेवून दोड्डव्वा मला म्हणाली, "मास्तर, हिला एकदा बघायचं हाय. पण मी उचलून घेणार न्हाय. तुजं तू बघ." मी कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलं; तिच्या लेखी मास्तरच राहिलो.

मी शोधायला लागलो. शोरूममधल्या तरुणाने मला थंड पाणी दिलं, 'सर' म्हटलं आणि पडद्यावर एक देखणी गाडी दाखवली. मागचं दार उघडतं, फळी आपोआप खाली येते, खुर्ची सुळकन आत जाते. अशी गाडी पुण्याहून करून आणावी लागते, असं म्हणत त्याने किंमत सांगितली. मी उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. दोड्डव्वाला आकडा सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ह्यात गल्लीबी येती का?" मग जुन्या गाड्यांचा बाजार. कुठे दार अरुंद, कुठे छत एवढं खाली की खुर्चीतल्या माणसाने मान मोडून बसावं. सांगोल्याकडचा एक टेम्पो मात्र पसंत पडला होता. छत उघडं, फळी मजबूत, भाव रास्त. तो दाराशी आणला तेव्हा कळलं की त्यातून आजवर फक्त शेळ्यामेंढ्या बाजाराला गेल्या आहेत. वासाने गल्लीतली कुत्री गोळा झाली. दोड्डव्वा खिडकीतून म्हणाली, "परत यायची सोय असलेलं बघ."

शेवटी मी एक रुग्णवाहिका ठरवली. चालक सभ्य होता. त्याने स्ट्रेचर काढलं आणि नियम सांगितला: आत खुर्ची चालत नाही, पेशंटने आडवंच व्हायचं.

दोड्डव्वाने ते स्ट्रेचर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग मला म्हणाली, "आपल्यात मेल्यावरबी माणसाला आडवं नेत न्हाईत. आन् तू जित्तेपणी आडवी नेतोस व्हय?"

हे खरंच होतं. आमच्यात गेलेल्या माणसाला स्नान घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात. बसवूनच मिरवत नेतात आणि बसवूनच माती देतात. मी चालकाला परत पाठवून आत आलो, तर तिचा चेहरा बदलला होता. बाजारात भाव फुटायच्या आधी असा व्हायचा. तिने विचारलं, "ट्रस्टची जुनी गाडी कुटं हाय रे?"

मला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी खाली बसलो. समाजाच्या ट्रस्टची एक शववाहिका होती. आमच्या रीतीसाठीच बांधून घेतलेली: छत उंच, दार रुंद, मागे उतरती फळी, तळाला आसन जखडून ठेवायच्या कड्या, आणि दोन्ही बाजूंना मोठ्या काचा, म्हणजे लोकांना शेवटचं दर्शन घेता यावं. दोड्डव्वाचे यजमान त्याच गाडीतून गेले होते. आता ट्रस्टने नवी वातानुकूलित गाडी घेतली होती. तिच्यावर 'शिवैक्य यात्रा' ही अक्षरं वीतभर आणि अध्यक्षांचं नाव हातभर होतं. जुनी गाडी आवारात लिंबाखाली भंगारवाल्याची वाट पाहत उभी होती.

मी पुस्तकं वाचणारा, शकुन-अपशकुन न मानणारा माणूस. पण त्या संध्याकाळी मी तिला हात जोडून म्हणालो, की हे नको.

ट्रस्टची मंडळी घरी आली. अध्यक्ष सोफ्यात रुतले आणि म्हणाले की समाजाच्या भावना आहेत, पायंडा पडेल, ठराव करावा लागेल. ती गाडी जिवंत माणसासाठी नाहीच. दोड्डव्वा खुर्चीत ताठ बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "अध्यक्ष, त्यात बसायचं तर हायच की एक दिवस. तुमालाबी, मलाबी. मी आदी बसून बघते. बरी असली तर सांगते तुमाला." अध्यक्षांचा हात नकळत सोफ्याच्या कडेकडे गेला. गाडी भंगाराच्या भावाने मिळाली. ठराव एकमताने झाला. विरोध करायला कोणी फार वेळ थांबलं नाही.

गाडीसोबत तिचा चालक रेवण्णाही आला. नव्या गाडीला नवा चालक हवा होता. आरटीओतल्या साहेबांनी वाहनाचा प्रकार बदलण्याचं कारण विचारलं. मी सांगितलं, प्रवासी जिवंत आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग पुसून परत लावला. पेंटरने पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, तरी उन्हात खालची अक्षरं उमटायचीच. आणि गाडी सुरू झाली की स्पीकरवर 'ॐ नमः शिवाय' लागायचं, ते कुणालाच बंद करता येईना. दोड्डव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. रस्ता मोकळा मिळतो."

निघायच्या सकाळी तिने ठेवणीतलं इरकल नेसलं, रोजच्यासारखी कपाळभर विभूती लावली. रेवण्णाने फळी टाकली, खुर्ची वर ढकलली, चाकं त्या कड्यांत जखडली. जणू गाडी याच खुर्चीच्या मापाने केली होती. कोणी तिला हात लावला नाही. गल्लीच्या तोंडाशी ती मागून म्हणाली, "डावीकडनं घे." रेवण्णाने असा ब्रेक मारला की माझं कपाळ पुढच्या काचेला लागलं. घाम पुसत तो म्हणाला, "माफ करा, अव्वा. मागनं आवाज यायची सवय न्हाय."

सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली. आवाज ऐकून एकाने हेल्मेट काढलं, दुसऱ्याने डोळे मिटून हात जोडले. त्याने डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडची ताठ बसलेली म्हातारी त्याला हात जोडून नमस्कार करत होती. मोटारसायकल आडवी झाली आणि तो उभाच राहिला. पुढे कोपऱ्यावरच्या फुलवालीने लगबगीने येऊन काच सरकवली आणि न बघता हार आत सोडला. दोड्डव्वाने तो घेतला, गळ्यात नीट केला आणि विचारलं, "कितीला गं?" ती बाई उत्तर द्यायला थांबली नाही.

दादाला आधी फोन करू, असं मी म्हणत होतो. पण बहिणीकडे सांगून जायचं ही गोष्ट दोड्डव्वाला आयुष्यात पटली नव्हती. "तितं काय पाहुणी म्हणून जाते मी?" तर आम्ही असे, न सांगता, गावात शिरलो. सोलापुरात गेलेल्यांना तीच गावी आणायची, त्यामुळे पंचक्रोशीत ती गाडी सगळ्यांच्या ओळखीची. वेशीवर माणसं उठून उभी राहिली. घरासमोर येईपर्यंत मागे पंधरावीस जण चालत होते. वहिनी दारात आल्या, काचेतून त्यांना हार घातलेली, विभूती लावलेली दोड्डव्वा दिसली, आणि त्यांनी हंबरडा फोडला. पाठोपाठ आणखी दोघींनी.

आईची खाट आत खिडकीला लागून होती आणि गाडी बरोबर त्या खिडकीसमोर उभी होती. धाप लागू देऊ नका, धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी आत धावलो. आई हाताचा आधार घेऊन निम्मी उठली होती आणि खिडकीतून बहिणीकडे टक लावून पाहत होती. ती रडली नाही. बारीक, तक्रारीच्या आवाजात म्हणाली, "अक्का, माज्या आदी?"

काचेच्या आतून उत्तर आलं, "न्हाय गं. ह्यांना दार उघडायला सांग. कवाची बसलीय."

बाहेरचा आक्रोश मध्येच तुटला. आणि मग आई हसली. तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, मी औषध शोधत राहिलो आणि ती हसतच राहिली. फळी खाली आली. दोड्डव्वा चाकांवर, स्वतःच्या हातांनी, खाटेपर्यंत गेली. गळ्यातला हार काढून तिने आईच्या देवाला घातला. दिवसभर दोघी कन्नडात बोलत होत्या. मी काही ऐकलं नाही. ऐकायचं नसतं.

त्यानंतर आई जाईपर्यंत ती गाडी जवळजवळ दर सोमवारी त्या खिडकीसमोर उभी राहिली. गाव सरावलं. पोरं मागच्या फळीवरून घसरगुंडी करायची.

इकडे सोलापुरात, दोड्डव्वाच्या समोरच्या घरात तेलुगू अण्णा राहायचे. यंत्रमागावर आयुष्य गेलेलं, पाय आखडलेले, खुर्ची दारातच. त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेली. तिचं घर त्यांनी पाहिलं नव्हतं. दोड्डव्वाने गाडी त्यांच्या दारात लावायला सांगितली. अण्णा घाबरून म्हणाले, "अक्का, मी अजून जिवंत आहे." ती म्हणाली, "म्हणून तर." मग अण्णांसारखे आणखी काहीजण निघाले. गाडीला काम लागलं.

गेल्या हिवाळ्यात दोड्डव्वा झोपेत गेली. सगळे धरून चालले होते की ती आपल्याच गाडीतून जाईल. रेवण्णाने काचाही पुसल्या. पण तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं: "मला त्यात न्यायचं न्हाय, मास्तर. ती आता जित्त्यांची गाडी हाय. मेलेल्याला कुठलीबी चालती."

म्हणून ट्रस्टची नवी गाडी आली. अध्यक्ष स्वतः आले आणि आपलं नाव झाकलं जाणार नाही अशा बेताने बाजूला उभे राहिले. तिला त्या गाडीत बसवलं. मागून जुनी गाडी निघाली. तिच्यात खुर्चीत अण्णा होते. पाय गेल्यापासून कुणाच्या मातीला जाता आलं नव्हतं त्यांना. मी त्यांच्याशेजारी बसलो. सात रस्त्याला लोकांनी सवयीने आमच्याकडेच पाहून हात जोडले. अण्णांनी त्यांना नमस्कार केला.

सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी आल्या. नव्या गाडीतल्या आसनाला मऊ मखमली पाठ आहे. काचेतून मी पाहिलं, दोड्डव्वा तिला टेकली होती.

तेव्हा मला पटलं की ती गेली.