तिसऱ्या जागेसाठी

दुसरी मोठी लढाई संपली आणि देशादेशांमधले बंद पडलेले टेनिसचे सामने पुन्हा सुरू झाले, ही बातमी आमच्या घरात दादांनी आणली. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. धाराशिवला, तेव्हाच्या कागदोपत्री उस्मानाबादला, ते अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे कलेक्टरांच्या, कचेरीत कारकून होते. आम्ही मूळचे ईटचे. वडील मी अगदी लहान असतानाच गेले. दादांनी जमीन वाट्यानं लावली, आईला आणि मला घेऊन ते इथं आले. मला त्यांनी शिकवलं आणि सरकारी शाळेत मास्तर म्हणून चिकटवलंही. पुढे आई गेली. घरात दादा, वहिनी आणि मी, एवढीच माणसं राहिली.

दादांना टेनिस लागलं ते एका जुन्या तालुकदारामुळे. संध्याकाळी त्याला खेळायला चौथा गडी मिळेना, म्हणून त्यानं दादांना धोतर खोचायला लावून कोर्टात उभं केलं. ‘तवापासनं हे घरी आल्यातच कुठं?’ असं वहिनी म्हणायच्या. मला दादांनीच शिकवलं. साहेबलोक उठायच्या आत आम्ही दोघं क्लबाच्या मुरमाच्या कोर्टावर असायचो. दादांचा डावा गुडघा अधू होता. पोरपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले होते, तेव्हापासून तो नीट वाकत नसे. पण चेंडू कुठं पडणार हे त्यांना आधीच कळायचं, त्यामुळे धावायची वेळ कमी यायची.

‘समोरच्याची दुखरी बाजू हुडकायची,’ ते सांगायचे, ‘अन् मग तिथंच मारत ऱ्हायचं. माया करायची ती कोर्टाच्या भायेर.’

तर ती बातमी. जेवताना दादांनी भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेला मांडले. ‘ह्यो हिंदुस्थानचा संघ. ह्यो दुसऱ्या मुलखाचा. एकदम वर कुणीच जात न्हाय. आधी आपापल्या भागातल्या फेऱ्या खेळायच्या. तिथं हरला की गप घरी.’

‘मग आपल्याला काय त्याचं?’ वहिनींनी विचारलं.

‘आपल्याला हाय,’ दादा म्हणाले. गुलबर्ग्याच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे निजामाच्या सुभेदारांना, हौस आली होती. सुभ्यातल्या चारही जिल्ह्यांनी तीन-तीन माणसांचे संघ आणायचे, जिंकणाऱ्यांना हैदराबादला पाठवायचं, तिथून कुणाचं नशीब उघडलं तर आणखी पुढे. दादा तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांचे असतील. हिंदुस्थानच्या संघात आपण जाणार नाही हे त्यांना कळत होतं. पण त्या शिडीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर एकदा तरी पाय ठेवावा, ही आस त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. हातातली भाकरी खायची विसरून ते बसले होते.

आमच्या जिल्ह्याच्या संघात तालुकदारसाहेब स्वतः होते आणि सरकारी दवाखान्याचे डॉक्टर होते. तिसरी जागा रिकामी होती. ती दादांची, असं सगळी कचेरी धरून चालली होती. मीही.

साहेब नवे होते. अंगानं बारीक, आवाज मऊ. कधी कुणावर ओरडायचे नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचा निदान अंदाज येतो, ह्यांचा येत नसे. एका संध्याकाळी त्यांनी मला आणि दादांना एकमेकांसमोर खेळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही बोलावून घेतलं.

‘दोनों अच्छे हो,’ ते म्हणाले. ‘जुम्मे को आपस में खेलो. जो जीतेगा, वो गुलबर्गा चलेगा.’

मी म्हणालो, ‘हुजूर, दादाच चांगले आहेत. मी माघार घेतो.’

साहेब हसले. ‘जो पीछे हटेगा, उसकी नौकरी भी पीछे हटेगी.’

परतताना दादा माझ्यापुढे चालत राहिले. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘खेळू की. त्यात काय?’

शुक्रवारी दुपार कलायच्या आतच कोर्टाभोवती माणसं जमली. वकील, पेशकार, कचेरीतले सगळे कारकून, माझ्या शाळेतले दोन मास्तर. साहेबांसाठी कनातीची सावली केली होती. आम्ही कोर्टात उतरलो तेव्हा साहेबांनी हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आणखी एक शर्त आहे. हरणाराही गुलबर्ग्याला येईल. तिथं तो जिंकणाऱ्याचं सामान उचलेल आणि त्याचे चेंडू वेचेल.

लोक हसले. साहेबांच्या समोर हसण्यावाचून इलाजही नव्हता. पण काही जण मनापासून हसले, ते मी ओळखले. दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते नेटची दोरी ताणून बघत होते.

पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा मी. तिसरा सुरू झाला. हे दादा आहेत, हे लोकांसमोर माझे चेंडू वेचणार, हा विचार डोक्यातून जाईना. एक अगदी सोपा चेंडू मी जाणूनबुजून नेटमध्ये घातला. दादा चेंडू द्यायच्या निमित्तानं नेटपाशी आले. त्यांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता.

‘भीक घालतो व्हय रं मला? पुन्यांदा असा चेंडू मारलास तर सगळ्यांदेखत थोबाड फोडीन.’

त्यानंतरचा चेंडू त्यांनी माझ्या अंगावर मारला. मी नेटजवळ होतो. चेंडू सरळ गळ्यावर बसला, मला श्वास घेता येईना. कनातीखालून ‘वाह!’ असा आवाज आला. दादा जागेवर उभे राहून मी सावरायची वाट बघत होते. काय झालं, लागलं का, काही नाही. पुढचाही चेंडू त्यांनी अंगावरच घातला.

मग मीही डोकं थंड केलं. एक चेंडू त्यांच्या डावीकडे, आखूड. पुढचाही तिथंच. त्यांच्या त्या गुडघ्याला वाकायला लागेल अशा जागी मी मारत राहिलो. हे त्यांनीच मला शिकवलेलं होतं आणि ते मला येत होतं. मला त्याचा तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही. मधे एकदा ते पडले. गुडघा मुरमावर घासत गेला, पांढऱ्या विजारीवर रक्त पसरलं. डॉक्टर उठले.

‘बैठिये,’ साहेब मऊ आवाजात म्हणाले. ‘खेल चलने दीजिये. मजा आ रहा है.’

डॉक्टर बसले. दादा उठले. मी पुढची सर्व्हिस केली.

सामना मी जिंकला. हात मिळवायला नेटपाशी गेलो तेव्हा दादांनी हात दिला, वाकून दिला, आणि म्हणाले, ‘तुम्ही चांगलं खेळलात.’

त्यांनी मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मला वाटलं, लोकांसमोर आहेत म्हणून. घरी वहिनींनी जखमेत हळद दाबून भरली. ‘एवढं कसं काय लागलं? कोण जिंकलं?’ असं विचारत राहिल्या.  शेवटी दादाच म्हणाले, ‘मास्तर जिंकले. त्यांना आधी वाढ.’ तेव्हा मला कळलं की हे आता असंच चालणार.

मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो, हातापाया पडलो. दादांना गुलबर्ग्याला नेऊ नका म्हणालो. साहेबांनी मला चहा पाजला, माझ्या बॅकहँडची तारीफ केली आणि शर्तीबद्दल एक शब्दही काढला नाही. चहा संपल्यावर शिपायानं मला फाटकापर्यंत पोचवलं.

सोलापूरपर्यंत मोटारीनं आणि पुढे रेल्वेनं आम्ही गेलो. साहेब आणि डॉक्टर वरच्या वर्गात, आम्ही दोघं खालच्या. डब्यात जागा होती. तरी दादा बाकावर बसले नाहीत, खाली माझ्या रॅकेटांपाशी बसले.

‘दादा, वर बसा की. इथं कोण बघतंय?’

‘सामान ऱ्हाईल न्हाय तर,’ ते म्हणाले. ‘तुम्ही झोपा. उद्या खेळायचंय.’

गुलबर्ग्याचं मैदान मोठं, गवताचं होतं. पहिली गाठ रायचूरशी पडली. साहेब त्यांचा सामना हरले, डॉक्टर जिंकले. निकाल माझ्या सामन्यावर आला. समोर रायचूरचा एक वकील होता, उंच, डावखुरा. दादा माझ्या मागं रेषेबाहेर उभे होते. चेंडू गेला की लंगडत जायचे, उचलायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि दोन्ही हातांनी मला द्यायचे, मान खाली घालून. बाकीचे चेंडू वेचणारे गडी त्यांच्याकडे बघून हसत होते, कारण तसं कुणीच करत नव्हतं. साहेबांनी कुणाला तरी सांगितलं असावं. थोड्या वेळानं प्रेक्षकांत ‘बडा भाई है, बडा भाई’ अशी कुजबूज फिरायला लागली आणि लोक वकिलाचा खेळ सोडून आमच्याकडे बघायला लागले.

मला त्या डावखुऱ्याचा चेंडू समजेना. पहिला सेट गेला. बाजू बदलताना मी पाणी पीत दादांपाशी थांबलो.

‘दादा, ह्याची कच्ची बाजू कुठली? मला दिसेना झालीय.’

त्यांना दिसली होती, ह्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. असला माणूस दोन गेममध्ये आरपार दिसायचा त्यांना. त्यांनी माझ्या हातातून पाण्याचा गडवा घेतला, खाली ठेवला.

‘मी चेंडू येचायला आलोय,’ ते म्हणाले. ‘खेळातलं मला काय कळतंय?’

‘दादा, पाया पडतो.’

‘समदे बघायलेत. जावा, खेळा.’

मी गेलो आणि हरलो. सुभ्याची फेरी आमच्यापुरती त्या दुपारीच संपली. स्टेशनवर साहेब आमच्यापाशी आले. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते दादांना म्हणाले, ‘गलती हो गई. तुम खेलते तो हम जीत जाते.’

दादा हसले. त्या शुक्रवारनंतर ते पहिल्यांदाच हसत होते. गाडी येईपर्यंत ते हसू तोंडावर होतं, आणि मी त्याकडे बघू शकत नव्हतो.

परतल्यावर त्यांनी भूमच्या तहसिलीत बदली मागून घेतली. वहिनींनी रडत सामान बांधलं. पुढे निजामाचं राज्य गेलं, साहेब कुठं गेले ते कुणाला कळलं नाही, क्लबाच्या कोर्टात गवत माजलं. मी खेळत नव्हतोच. येरमाळ्याच्या एका घरातली मुलगी मला सांगून आली. वडिलांच्या जागी उभं राहायला दादांशिवाय मला कोण होतं? म्हणून मी भूमला गेलो.

बाजाराचा दिवस होता. दादांनी मला कचेरीबाहेर, अर्ज घेऊन आलेल्या माणसांच्या रांगेत बसवलं. माझी पाळी आल्यावरच आत बोलावलं. मी लग्नाचं सांगितलं. ते म्हणाले, ‘येतो की. तुम्ही बोलावताय, मग यायलाच पायजे.’

मला राहवलं नाही. ‘दादा, त्या दिशी मी हरलो असतो तर बरं झालं असतं.’

त्यांनी दौतीत टाक बुडवला, निबाची शाई काठाला निथळू दिली.

‘हरला असता,’ ते सावकाश म्हणाले, ‘तर मी तुम्हाला त्याच सांजेला घराभायेर काढलं असतं. मास्तर, तुम्हाला सुटायला वाट नव्हतीच.’

त्यात राग नव्हता. उलट, फार दिवस मनाशी ठरवून ठेवलेली गोष्ट एकदाची सांगून टाकावी, तसे ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या मागच्या माणसाला हाक मारली.

लग्नाला ते आले. वहिनी आदल्या दिवसापासून राबत होत्या. दादा मोटारीनं ऐन वेळेला उतरले, पाहुण्यांच्या बैठकीवर जाऊन बसले. भटजींनी वरपक्षाच्या वडीलधाऱ्याला पुढे बोलावलं तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. दादांनी शेजारच्या माणसाला विचारलं, ‘मुलाचं कोण हाय का न्हाय?’ शेवटी ईटचे एक लांबचे चुलते उठले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. अक्षता पडल्या. मी मागं वळून पाहिलं तेव्हा दादा पंगतीत पत्रावळीपुढं बसले होते, आणि वाढणाऱ्याला हातानं थोडंच घाल म्हणून खुणावत होते.