अनवाणी ट्रायल

मुरबाडच्या त्या सायकल मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. काम कितीही चोख होवो, तो "झालं" म्हणत नाही. "बघू," म्हणतो आणि शहापूर रोडच्या उतारावर स्वतः सायकल सोडतो, तीही चप्पल काढून. "ब्रेक नाय लागला तर पाय हाय," हे त्याचं ठरलेलं.

बहीण रोज घाट उतरून कॉलेजला जाते, म्हणून तिच्या सायकलला मी तेलाचे डिस्क ब्रेक निवडले. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, सगळं वाचूनच निवडले. त्याला पटलं नव्हतं. "तार तुटाय आली का दिसते, भाऊ. तेलाचं आतलं कोनाला दिसतंय?"

तरी त्याने तेल भरलं, लिव्हर दाबून दाबून नळीतली हवा काढली. मीही दाबून पाहिलं. कडक लागला.

"द्या आता, ती खोळंबलीय."

"बघू."

तो वळणाआड गेला. बराच वेळ आला नाही. मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

शेवटी सायकल ढकलत आला. "आज नाय देत. हवा राहिलीय जरा. पोरीला बसनं जाऊ द्या."

मग पाना घेऊन खाली बसला. त्याच्या उजव्या पायाचा तळवा सोलवटला होता.