हाताचा थर

बांधकामावरची माणसं माझ्या वडिलांना ओळंबा म्हणत. भिंत सरळ चढतेय की नाही ते पाहायला गवंडी दोरीला बांधून जे वजन खाली सोडतो, तो ओळंबा. हे नाव पडायची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे त्यांनी बांधलेली भिंत कधी केसभरही कलली नाही. दुसरं म्हणजे ओळंब्यासारखेच ते तोंडातून शब्द काढत नाहीत, समोरच्याचं चुकलं की नुसते शेजारी जाऊन उभे राहतात आणि त्याला आपोआप कळतं. दुसरं कारण आईने शोधलेलं आहे. आई त्यांना मिस्त्री म्हणते, आणि चिडलेली असली की 'अहो मिस्त्री'.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, म्हणून घराची हौस राखून ठेवली होती. मी शिवणकाम करते, माझं स्वतःचं दुकान आहे. बाबांनी चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि आम्ही राहिलो भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथली मागची भिंत बाहेरच्या बाजूला दोन बोटं कललेली होती. बाबा रोज झोपताना तिच्याकडे पाठ करून झोपत.

घराची घाई झाली ती आईमुळे. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. महिन्याभराने ती उठून बसली, मग चालू लागली, पण डावा हात लोंबकळतच राहिला आणि डावा पाय फरफटतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांना चालतं ठेवा, पण पडू देऊ नका, एकदा पडल्या तर अंथरूण धरतील. ते वाक्य मी बाबांना सांगितलं आणि त्यानंतर आम्ही दोघांनीही ते पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्यात आमच्या खोल्यांना दुपारपासून ऊन, रात्र झाली तरी भिंतींना हात लावावा तर चटका. आईला झोप लागायची नाही, आणि झोप झाली नाही की सकाळी पाय जास्तच फरफटायचा. म्हणून मी ठरवलं की नवं घर पोकळ विटांचं बांधायचं.

या विटा भाजलेल्या मातीच्याच असतात, पण चांगल्या हातभर लांब. आतून आरपार चौकोनी भोकं असतात आणि त्या भोकांतली हवा ऊन आत येऊ देत नाही. एक वीट साध्या सात-आठ विटांची जागा घेते आणि उचलायला मात्र पुष्कळ हलकी. मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बडा घर पोकळ वासा ऐकलं होतं. आता छोटं घर पोकळ भिंत."

मला राग आला. चाळीस वर्षं जे केलं तेच बरोबर, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला तसाही राग येतो, आणि आपल्याच घरात तो म्हातारा असला की जास्तच. तरी मी त्यांना वीटवाल्याकडे घेऊन गेले. वीटवाला बडबड्या होता. थंडावा, हलकेपणा, टिकाऊपणा असं त्याचं सुरू झालं. बाबा तिकडे लक्ष न देता ढिगातून विटा काढत होते, एकीवर दुसरी ठोकून कान देत होते, कडा अंगठ्याने चाचपत होते. शेवटी एक वीट त्यांनी त्याच्या देखत फोडली आणि आतला रंग सगळीकडे सारखा आहे का ते पाहिलं. दोन विटा घेऊन आम्ही घरी आलो.

मग घरी परीक्षा सुरू झाली. खिडकीच्या कट्ट्यावर एका बाजूला पोकळ वीट, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीची साध्या विटांची चळत, दुपारभर ऊन खात ठेवली. दिवेलागणीला बाबांनी आईला बोलावलं आणि आतल्या बाजूने हात लावायला सांगितलं. आईने साध्या विटांना हात लावून लगेच काढला. पोकळ विटेवर मात्र हात ठेवून ती उभीच राहिली. "ही चांगली आहे," ती म्हणाली. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

पण दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याच पोकळ विटेत स्क्रू बसवला आणि त्याला पाण्याने भरलेली बादली अडकवली. विटेचा टवका आणि स्क्रू दोन्ही खाली आले. मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पोकळ विटांसाठी मिळतात ते खास खिळे आणले, आत गेले की भोकात फुलतात ते. बादली टिकली. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. त्यांनी बादली काढली, खिळ्याला दोरी बांधली आणि एकच हिसका दिला. खिळा बाहेर.

"पडणारा माणूस बादलीसारखा लटकत नाही," ते म्हणाले. "हिसका देतो."

तेव्हा कुठे मला कळलं की त्यांच्या डोक्यात काय चाललंय. त्यांना भिंतींना लाकडी दांड्या लावायच्या होत्या, आईला धरून चालता यावं म्हणून. मी म्हटलं, छताचा सगळा भार खांबांवर आहे, भिंतीवर कसला भारच नाही, उगाच कशाला काळजी करता. त्यावर ते म्हणाले, "भिंतीवर छताचा भार नसतो, तेव्हा माणसाचा असतो."

हे बोलणं आईने ऐकलं. दांड्यांचं नाव काढताच ती बिथरली. "मला दांडीबिंडी नको. मी काय बसमध्ये उभी आहे? नव्या घरात येईन ती माझ्या पायांनी येईन, नाहीतर इथेच बरी आहे." बाबांनी दोरी आणि बादली आवरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पोकळ विटा मागवायला सांगितल्या. मला वाटलं, त्यांनी दांडीचा नाद सोडला. चाळीस वर्षं ज्यांच्या घरात राहिले त्यांना मी इतकंच ओळखत होते.

काम सुरू झालं. साठी उलटून सात वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण विटा हलक्या म्हणून बाबा स्वतः थापी घेऊन उभे राहिले. जोडीला त्यांचा जुना सोबती गवंडी होता. चार दिवसांत चार थर चढले, म्हणजे भिंती कमरेशी आल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी एक चांगलं काम केलं. निदान मला ते चांगलं वाटलं होतं.

जुन्या खोलीत आई भिंतीला हात लावत चालायची. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. दोन वर्षांत त्या पांढऱ्या भिंतींवर तिच्या उजव्या तळव्याची मळकट रेघ उमटली होती. जाताना एका भिंतीवर, येताना समोरच्या. आईला तिची लाज वाटे. कुणी आलं की ती त्या भिंतीसमोर खुर्ची ओढून बसे. "किती घाण दिसतं गं," असं त्या दिवशी ती दोनदा म्हणाली. म्हणून मी चुना आणला आणि दोन्ही भिंती स्वच्छ पांढऱ्या करून टाकल्या.

बाबा कामावरून आले, दारातच थांबले. हातपाय न धुता ते भिंतीपाशी गेले आणि ओल्या चुन्यावरून हात फिरवत राहिले. आई आत आडवी झाली होती. ते मला बाहेर ओट्यावर घेऊन आले.

"ती रेघ मला हवी होती," ते म्हणाले. "उद्या मोजणार होतो."

ते कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. पण त्यांचा चेहरा पाहून मला भिंत खरवडून काढावीशी वाटली. आईचा हात जिथे पडतो, नेमक्या त्या उंचीवर त्यांना साऱ्या घराला भरीव विटांचा पट्टा द्यायचा होता. पट्ट्यात दांडी कुठेही बसेल, हिसका बसला तरी निघणार नाही, आणि एका पट्ट्याने घर काही तापत नाही. दांड्या आज नको म्हणते तर नको. जेव्हा हव्या म्हणेल तेव्हा भिंत तयार असायला हवी.

मी म्हटलं, मग आत्ता तिला उभी करून मोजू. माझ्या गळ्यात टेप लटकत होती, आयुष्य माझं लोकांची मापं घेण्यात गेलंय. बाबांनी मान हलवली. "कुणी बघतंय म्हटलं की ती ताठ चालते. भिंतीला बोटसुद्धा लावत नाही." मग मी म्हटलं, अंदाजाने दोन-तीन थर भरीव घाला. तेव्हा मात्र ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी मान खाली घातली. अंदाज हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे. तीन थर भरीव घातले तर ऊन आत आलंच, आणि एकच थर चुकीच्या जागी घातला तर घातला न घातला सारखाच.

"काम थांबवू," ते म्हणाले. "भिंत परत मळू दे."

बांधकाम कमरेवर येऊन थांबलं. शेजारीपाजारी विचारू लागले, विटा संपल्या का. सोबत्याला बाबांनी सांगितलं, जरा गुडघे दुखतायत, आणि त्या बिचाऱ्याने ते खरं मानलं. आईला ताकास तूर लागू द्यायची नाही असं आमचं ठरलं. दोन दिवस गेले, भिंत पांढरीशुभ्रच. तिसऱ्या दिवसापासून बाबांनी नवीन सुरू केलं. आईच्या डाव्या हाताला ते रोज सकाळी तेल चोळायचेच, आता उजव्यालाही चोळू लागले. "अहो, हा चांगला आहे, याला कशाला?" आईने विचारलं. "दोघांना सारखं हवं," असं म्हणून ते चोळत राहिले, बोटांपासून मनगटापर्यंत, तळव्याला जरा जास्तच.

सहाव्या दिवशी मी दुकानातून जेवायला घरी आले, तर आई झोपलेली आणि बाबा भिंतीपाशी गुडघ्यांवर बसलेले. चुन्यावर पुसट तेलकट रेघ उमटली होती. त्यांनी सहा ठिकाणी मोजलं, दाराजवळ ती किंचित खाली येत होती, तिथे दोनदा. आकडे त्यांनी पेन्सिलीने मनगटावर लिहिले. नव्या घराच्या फरशीची जाडी धरून हिशेब केला आणि पाचवा थर निघाला. दुसऱ्या दिवशी पाचव्या थराला साध्या भरीव विटा लागल्या, एकावर एक दोन ओळी, सगळ्या घराला, आतल्या भिंतींनाही. सोबती म्हणाला, मिस्त्री, जुनी सवय सुटत नाही का. बाबा म्हणाले, नाही सुटत.

वर पुन्हा पोकळ विटा चढल्या, गिलावा झाला, रंग झाला. पट्टा दिसेनासा झाला. नव्या घरात आई स्वतःच्या पायांनी आली, भिंतीला हात लावत. घर खरंच थंड निघालं आणि पहिल्याच आठवड्यात ती सलग झोपू लागली. दांडीचा विषय कुणी काढला नाही. बाबांनी मात्र दांड्या तासून, घासून, गुळगुळीत करून खाटेखाली ठेवल्या होत्या, जुन्या चादरीत गुंडाळून. झाडताना दर वेळी माझा झाडू त्यांना अडायचा आणि मला धसका बसायचा, की ही मागणार कधी, पडल्यावर का?

आठ महिने गेले. एका दुपारी मोरीतून येताना आईचा पाय जरासा सटकला. ती पडली नाही, भिंतीला चिकटून उभी राहिली. आम्ही दोघं धावलो. तिने आमचे हात बाजूला केले, सावकाश खाटेवर येऊन बसली आणि थोड्या वेळाने खिडकीकडे बघत म्हणाली, "अहो मिस्त्री, त्या खाटेखालच्या लाकडांचं काय करणार आहात?"

बाबांनी त्याच दुपारी दांड्या बसवल्या. मोजलं काहीच नाही. भोकं पाडताना लालबुंद भुगा सारखा पडत राहिला, गिरमिट कुठे रिकाम्यात गेलं नाही. प्रत्येक दांडीला लोंबकळून त्यांनी तीन-तीन हिसके दिले. मग आई उठली. तिने हात टाकला, आणि दांडी तिथेच होती. खाटेपासून दारापर्यंत गेली, परत आली. कुणी बघतंय याची तिने पर्वा केली नाही.

"उंची बरोबर आहे," ती म्हणाली. "कशी काढलीत?"

"अंदाजाने," बाबा म्हणाले आणि अवजारं धुवायला बाहेर गेले.

आईने दांडीवरून हात फिरवला आणि ते लांब गेल्याची खात्री करून मला म्हणाली, "अंदाज म्हणे. चांगल्या हाताला तेल कशाला चोळतात, एवढं मला कळत नाही होय? आणि तू चुना फासून ठेवलेला. रेघ काही केल्या उठेना." तिने उजवा तळवा दांडीवर दाबला. "मग काय करते, ते चार दिवस हात जरा दाबून चालले."