नोएलीन कॅरव्हान मागे घेते

माझी वहिनी नोएलीन हिनं मागे जाणं हा प्रकार कधी केलाच नव्हता. मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर तिनं बावीस वर्षं स्वयंपाकीण म्हणून काढली. तीस-तीस आडदांड पुरुष, साडेनऊला चहा-केक, बाराच्या ठोक्याला मटण, आणि जो नाक मुरडेल त्याच्या ताटात दुसऱ्या दिवशी नुसता उकडलेला बटाटा. तिनं ट्रक चालवला, ट्रॅक्टर चालवला, पण सगळं पुढच्या दिशेनं. कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, मागे घेणं हे माझ्या भावाचं, डेसचं काम.

एकोणतीस वर्षं वाटणी ठरलेली. डेस स्टेअरिंगवर, नोएलीन मागे उभी राहून हात हलवणार, आणि गाडी जागेवर लागली की दोघं एकमेकांची अक्कल काढणार. त्यात त्यांनी अख्खा देश पालथा घातला. कोणाच्या घरातला पलंग मात्र कधी घेतला नाही. नोएलीनचा नियमच होता: अंगण तुमचं, वीज-पाणी तुमचं, बिछाना आमचा, आणि तीन रात्रींच्या वर मुक्काम नाही. म्हणूनच बहुधा सगळीकडे त्यांची वाट पाहायचे.

मग डेसच्या नजरेच्या कडा काळ्या पडत गेल्या. काचबिंदू. समोरचं दिसायचं, बाजूचं काही नाही. लायसन्स गेलं. जेम्सटाउनच्या घरात तो खिडकीपाशी खुर्चीत जो बसला तो उठेचना. चार महिने मी रोज जाऊन त्याला डिवचत होते. माझ्याशी भांडायलाही तो तयार होईना, तेव्हा मी मनातून घाबरले.

अशात दोन हजार किलोमीटरवरून, एस्परन्सहून मुलाचा फोन आला. ब्रेंट नळकाम करतो आणि नळासारखंच बोलतो, एकदा सुरू झाला की वाहतच राहतो.

"आई, विकून टाक ती कॅरव्हान. इथं चांगलं गिऱ्हाईक आहे. तू चालवणार आणि बाबा मागे उभा राहून बघणार? आंधळ्याच्या मागे लंगडी!"

"लंगडी कोणाला म्हणतोस रे?"

"बरं, एक काम कर. घेऊन ये इकडे. माझ्या फाटकातून तू स्वतः मागे घेतलीस, एक ओरखडासुद्धा न पडता, तर मी आयुष्यात विषय काढणार नाही. नाही जमलं तर रविवारी दहाला गिऱ्हाईक येईल आणि किल्ली त्याच्या हातात."

"ठरलं," नोएलीन म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली. "लॉर्ना, बॅग भर. ही खुर्ची त्याला खाऊन टाकेल. गाडी गेली तर हा माणूस गेला."

ब्रेंटचं फाटक आम्हाला चांगलं ठाऊक होतं. दोन चुनखडीचे खांब, मध्ये जेमतेम जागा, आत वळायला वाव नाही. नाकानं शिरलात तर बाहेर निघायची पंचाईत, म्हणून मागेच घ्यावी लागते. डावा खांब तर डेसनंच दोनदा खरवडला होता, तेही डोळे धडधाकट असताना.

बुधवारी पहाटे निघालो. मी मागच्या सीटवर, मांडीवर बर्फाची पेटी. गाव संपल्याबरोबर समोरून पहिली कॅरव्हान आली आणि नोएलीननं स्टेअरिंगवरून एक बोट उचललं. रस्त्यावरचा रामराम! समोरच्यानंही बोट उचललं. इतकी वर्षं तो मान डेसचा होता. ती लहान पोरीसारखी हसली. "पाहिलंस? मला केलं त्यानं!" मला हसू आवरेना. अडुसष्टाव्या वर्षी मी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं खिडकीला नाक लावलं होतं.

संध्याकाळी पहिल्या मुक्कामावर मात्र फजिती झाली. चार वाजले की कॅरव्हानवाले घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात, हातात बिअर घेतात आणि येणारा किती फेऱ्यांत गाडी लावतो ते मोजतात. मदत कोणी करत नाही, मागितल्याशिवाय करणं म्हणजे अपमान. आम्ही नऊ फेऱ्या घेतल्या. दहाव्या फेरीला डेस मागे उभा राहून "ये, ये, भरपूर जागा आहे" असा हात हलवत होता, आणि त्याच्या डाव्या हाताला पाच फुटांवर पाण्याचा नळ होता. त्याला तो दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला आणि कारंजं उडालं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

नोएलीन उतरून नळ बंद करायला धावली आणि भिजून चिंब. "डेस, उद्यापासून तू खुर्चीत बस. मागे उभं राहायचं नाही."

ती चिडून बोलली, पण बोलायला नको होतं. डेस आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी सेडुनाला ग्लेनिसकडे पोचलो. ग्लेनिस आणि नोएलीन एकेकाळी एकाच चुलीवर टोळ्या जेवू घालायच्या. फाटकापाशीच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि दोघींचे चष्मे एकमेकांत अडकले. ग्लेनिस सहा वर्षं एकटी आहे, नवऱ्याची होडी स्वतः ट्रेलरवर घालून समुद्रात नेते. ताज्या माशाचे तुकडे तळता तळता तिनं नळाची हकीकत ऐकली आणि झारा आपटला.

"अगं, स्टेअरिंग कुठं धरतेस?"

"कुठं म्हणजे? वर."

"म्हणून! स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धर. जिकडे हात, तिकडे कॅरव्हानचं ढुंगण. एवढंच आहे बघ. पुरुषांनी उगाच त्याचं शास्त्र करून ठेवलंय."

रात्रभर गप्पा चालल्या. डेसला तिनं सोलायला कांदे दिले, कारण पश्चिमेकडच्या राज्याच्या सीमेवर, कीड आत यायला नको म्हणून, कांदे, फळं, मध सगळं काढून घेतात, म्हणून तिथं पोचेपर्यंत सगळं पोटात घालायचं असतं. न बघता, नुसत्या बोटांनी, सालीचा एकही पदर न ठेवता तो भराभर सोलत होता. सोलणार नाही तर काय? चाळीस वर्षं त्यानं लोकरीची प्रतवारी केली. चिमटीत चार तंतू धरून तो सांगायचा, ही मेंढी कुठल्या रानातली. ते मी पाहिलं खरं, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. आपलीही अक्कल कधीकधी सीटखाली पडलेली असते.

मग आलं शेकडो किलोमीटर एकही झाड नसलेलं मैदान. रस्ता असा सरळ की स्टेअरिंग हे दागिन्यासारखं नुसतं धरायचं. वाटेतल्या प्रत्येक मोकळ्या थांब्यावर नोएलीन दोन घडीच्या खुर्च्या खांबांसारख्या मांडायची आणि मागे घ्यायची. उजवी खुर्ची तिला आरशात दिसे, ती वाचायची. डावी दरवेळी आणखी चेपली जायची. डावी माझी होती.

"बाई, त्या खुर्चीनं तुमचं काय वाकडं केलंय?" शेजारी थांबलेल्या ट्रकवाल्यानं गाड्यांनी आपापसात बोलायच्या रेडिओवर विचारलं.

"माझ्या नणंदेची आहे!" नोएलीननं कळवलं.

"मग चालू द्या!"

मला राग यायला हवा होता, पण मी पोट धरून हसत होते. डेस मात्र गाडीतून उतरलाच नाही. शेवटच्या थांब्यावर नोएलीननं स्टेअरिंगवर डोकं टेकलं. "उजवी बाजू जमली गं मला. डावी दिसतच नाही. तिथं कोणीतरी हवं."

"मी उभी राहते," मी म्हटलं.

"तू? तुला डावं-उजवं जेवतानाच कळतं."

शनिवारी दुपारी एस्परन्स आलं. ब्रेंट फाटकाशी हाताची घडी घालून उभा. शेजाऱ्यांनीही खुर्च्या मांडलेल्या. बातमी त्यानंच फोडली असणार. नोएलीननं गाडी फाटकाच्या पुढे नेली, थांबली, हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवला. मी उतरून शेजाऱ्यांत जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि डेस उतरला. चाचपत गेला, डाव्या खांबाच्या आत जाऊन उभा राहिला आणि एक पंजा त्यानं करंगळीच्या बाजूनं खांबाच्या कडेवर आडवा टेकवला.

"डेस," नोएलीन खिडकीतून ओरडली, "तुला दिसत नाही!"

"बघायचं कोणाला आहे?" तो म्हणाला. "तू तुझी बाजू बघ. ही माझी."

मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये वीस यंत्रांच्या वर चढणारा तो आवाज मी चार महिन्यांनी ऐकत होते. नोएलीननं आरशाकडे मान वळवली. कॅरव्हान हलली.

"पंजाभर!" डेस ओरडला. पत्रा त्याच्या बोटांना घासत आत सरकत होता. "पंजाभर... चार बोटं... चार... तीन! हात उजवीकडे, नोएलीन!"

"घेतला!"

"तीन... अडीच... अजून थोडा!... तशीच! तशीच ये, माझी बाई! तीन... चार... पंजा! ये, ये, ये!"

आणि मागचं टोक आत, चाकं आत, सगळी आत. एका दमात! शेजारी उभे राहून टाळ्या पिटत होते, मी कोणा अनोळखी माणसाला मिठी मारली. नोएलीन गाडी बंद करून तशीच बसून राहिली आणि रडत रडत हसत होती.

ब्रेंट वाकून वाकून दोन्ही बाजूंचे पत्रे तपासत फिरला. खांबांवर हात फिरवला. मग खिशातून फोन काढून गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या येऊ नका. विकायची नाही." आणि आईकडे वळून, "तीनच रात्री ना गं?"

"तीनच. मंगळवारी ऑल्बनीला जायचंय, तिथं डेसचे शेडमधले दोघं वाट बघतायत," ती म्हणाली. तिथं आपली कोणी वाट बघतंय हे डेसलाही तेव्हाच कळलं.

सगळे चहाला आत गेले. डेस मागे रेंगाळला, एक हात खिशात. मी तो ओढून बाहेर काढला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटली होती. अडीच बोटांच्या फटीत त्यानं तीन बोटं ठेवली होती आणि काढली नव्हती.

"ब्रेंटला सांगू नकोस," तो कुजबुजला. "ओरखडा चालणार नाही असं ठरलंय."