कॅचरची दोन बोटं

मी फिजिओथेरपिस्ट. वसईहून बहारीनला आले ती हॉस्पिटलच्या नोकरीवर. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा पेशंटांकडे हॉस्पिटल मला पाठवायचं. त्यांतलेच एक, जुफेर भागातल्या एका फ्लॅटमधले अमेरिकन आजोबा. मुलगी इथे शाळेत शिकवायची. आई गेल्यावर तिने वडिलांना आपल्याकडे आणलं आणि इथेच त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. कळायचं मात्र सगळं.

खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक जुना फोटो होता. टोप्या घातलेली तरणी पोरं, हसणारी. "बाबा लष्करी अकादमीत होते ना," मुलगी म्हणाली, "तिथल्या बेसबॉल टीममध्ये ते कॅचर होते."

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, एवढंच मला कळलं.

काही आठवड्यांनी त्यांच्या उजव्या हातात हालचाल आली. मी समोर स्टुलावर बसले होते. त्यांनी हात दोन्ही मांड्यांच्या मधे नेला आणि दोन बोटं खाली सोडली. मग माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी मागितल्यासारखे. मी आनंदाने मान डोलावली. "व्हेरी गुड!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पुढचा सगळा वेळ त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या वेळी तेच. मी मान डोलवायची आणि ते विझायचे. शेवटी मी मुलीला विचारलं. ती त्या फोटोपाशी गेली.

"कॅचर बोटांनी खूण करतो, कसा चेंडू टाकायचा त्याची. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा. टाकणाऱ्याला पटलं तर तो मान डोलावतो, नाही पटलं तर नकार देतो."

"आणि यांचा टाकणारा?"

तिने फोटोतल्या एका उंच पोरावर बोट ठेवलं. "दोघं पुढे एकाच तुकडीत गेले, युद्धावर. जंगलात बोलायची सोय नव्हती, म्हणून तिथेही याच खुणा चालायच्या. एक बोट म्हणजे थांब, दोन म्हणजे वळसा घालून पुढे जा. बाबांनी दोन बोटं दाखवली. त्याने नाही म्हणून मान हलवली. बाबांनी पुन्हा दोनच दाखवली. मग तो गेला. परत आलाच नाही. आईला त्यांनी एकदाच सांगितलं होतं हे."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हिद्दच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला होता, जेवता जेवता म्हणाला, "तू आपला व्यायाम करून घे. यात पडू नकोस."

पण त्यांनी पुन्हा दोन बोटं खाली सोडली, तेव्हा माझी मान आपोआप आडवी हलली. नाही.

ते बघतच राहिले. मग एक बोट हळूच आत मुडपलं. एकच उरलं. थांब. मी मान डोलावली. त्यांच्या लुळ्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात पुढे करण्याची माझी हिंमत होईना.

मला वाटलं, सुटले. पण दोन दिवसांनी गेले तर पुन्हा दोन बोटं. पुन्हा माझा नकार, पुन्हा एक बोट. मग दर खेपेला हेच. मी गेले की तो मित्र वाचायचा आणि मधल्या दिवसांत पुन्हा निघून जायचा. तो फोटो मला टाळता येईना. पाठमोरी बसले तरी मानेवर कुणाची तरी नजर जाणवायची.

अचानक वसईला आई पडल्याचा फोन आला. मी मिळेल त्या विमानाने निघाले. रजा संपवून परत आले तोवर आजोबा गेले होते. दुसरा झटका आला होता. मुलीने त्यांचं पार्थिव मायदेशी नेलं होतं.

माझ्या जागी गेलेली केरळी सहकारीण कँटीनमध्ये भेटली. "बहुत अच्छे थे बिचारे," ती म्हणाली. "आखिरी दिन भी दो उंगलियाँ हिला रहे थे. मैंने हाँ में सिर हिलाया, शाबाशी दी."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. वरच्या वॉर्डातून पुढच्या पेशंटसाठी बोलावणं आलं होतं.