ओल्या शाईवरचा अंगठा

कोपरीच्या मिठागरात राबणारा तो किरिस्तांव काहीही विचारलं की आधी टोपी काढायचा, आत बघायचा, पुन्हा घालायचा आणि मगच बोलायचा. पाद्रीसाहेबाच्या पुस्तकाचं मी मराठी करत होतो. जगातल्या साऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी इंग्रजीत एकच शब्द होता, ‘ख्रिस्तेंडम’. मी ‘ख्रिस्ती राज्य’ लिहिलं, पण ते मलाच खटकत होतं. शाई ओली असतानाच त्याला विचारलं. टोपी निघाली, परत बसली.

“राज नको लिवू, मास्तर. फिरंग्याचा गेला, पेशव्याचा गेला. आमी हावच ना?”

“मग काय लिहू?”

“नवा भात घेऊन देवलात जमतं, ती मंडली.” देऊळ म्हणजे त्याचं चर्च.

कुठला शब्द ते विचारून त्यानं ‘राज्या’वर खारट अंगठा फिरवला. मला हायसं वाटलं.

साहेबानं विचारलं, “हा डाग कसला?”

“डाग नाही,” म्हटलं, “दुरुस्ती आहे.”