दुपारनंतरचे तेवीस ऑसिलेटर

मार्च १९६८, शनिवार सकाळ, लोणावळ्यातल्या आमच्या कारखान्याचं ऑफिस. हजर चौघं: मालक, गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर, टेस्ट इन-चार्ज म्हणून मी, आणि दाराजवळ उभी केलेली इंदूबाई. चाळीस ऑसिलेटर पाठवले होते, तेवीस नापास होऊन परत आले. अठरा हजारांचं बिल अडकलं होतं.

ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावणारी वीज तयार करणारी पेटी. सेकंदाला किती कंप, म्हणजे किती सायकल हवेत, ते डायल फिरवून निवडायचं. डायलवर पन्नास लिहिलं असेल तिथे पन्नासच निघाले पाहिजेत, दोन टक्के इकडेतिकडे चालतात. डायलवर या खुणा बरोबर जागी करणं म्हणजे कॅलिब्रेशन. ते इंदूबाई करायची. जवळच्या भाजे गावची, सातवी पास, हात अतिशय स्थिर. मीच शिकवली होती.

पद्धत सोपी होती. भिंतीतल्या प्लगची वीज सेकंदाला पन्नास सायकलची असते. ती स्कोपच्या, म्हणजे विजेचे कंप पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, एका बाजूला आणि ऑसिलेटरची दुसऱ्या बाजूला द्यायची. दोन्ही जुळले की पडद्यावरचं हिरवं वर्तुळ स्तब्ध होतं. नाही जुळले तर ते कलंडत, फिरत राहतं. वर्तुळ थांबलं की खूण करायची. वरच्या खुणाही त्याच मापाच्या पटीत.

"पन्नासच्या खुणेवर साडेअठ्ठेचाळीस निघतात," इन्स्पेक्टर म्हणाले. "पुढेही सगळं त्याच प्रमाणात."

मालक तिच्याकडे वळले. "बाई, काम करताना डोळे कुठे असतात?"

"साहेब, गोल थांबल्याबिगर म्या येक बी खूण केली न्हाई."

"म्हणजे मशीन खोटं बोलतं?"

"म्या तसं कुटं म्हनलं?"

"सोमवारपासून येऊ नकोस."

चार वर्षांची नोकरी तीन शब्दांत गेली. तिच्या घरी भाताचं एक पीक, बाकी वर्ष तिच्या पगारावर. मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही. तो राग आजही माझ्यावरच आहे.

रविवारी टेस्ट शीट घरी घेऊन बसलो. प्रत्येक शीटवर वेळ लिहायची सवय मीच लावली होती. पास झालेले सतरा सगळे जेवणाच्या सुट्टीआधीचे. नापास तेवीस सगळे तीननंतरचे. शिवाय तेवीसही कमीच सायकल देत होते, जास्त एकही नाही. नजर चुकली तर चूक दोन्ही बाजूंना पडते.

सोमवारी शीट मालकांसमोर ठेवल्या. इंदूबाई शिल्लक पगार मागायला आली होती, तीही तिथेच होती.

मालक शीट बघून हसले. "हे तर माझ्याच बाजूचं निघालं. जेवण झालं की बाईला झोप येते."

इंदूबाईने भिंतीवरच्या विजेच्या घड्याळाकडे बोट केलं. "मंग ह्ये बी जेवून झोपतं का? सकाळी बराबर आसतं, सांजच्याला मागं पडतं. त्याच्यापायी आमची गाडी किती येळा चुकली."

"गाडी वेळेआधी सुटत असेल."

"व्हय, रेल्वेला लय घाई."

मी मात्र वळून घड्याळाकडे पाहिलं. ते घड्याळ चावीचं नव्हतं. प्लगमधल्या विजेचे सायकल मोजून चालणारं होतं. शिपाई रोज सकाळी रेडिओवरून ते लावायचा. ते मागे पडत असेल तर वीजच पन्नासच्या खाली जात होती. म्हणजे इंदूबाईचं वर्तुळ खरोखर थांबत होतं, पण साडेअठ्ठेचाळीसवर.

त्याच दिवशी तीन ते सहा मी मनगटी घड्याळ घेऊन त्या भिंतीसमोर बसलो. १०,८०० सेकंदांत भिंतीवरचं ३२० सेकंद मागे पडलं. जवळजवळ तीन टक्के. दुपारनंतर विजेची मागणी वाढली की वीजकेंद्रातली जनित्रं किंचित मंद फिरतात, एवढंच ते.

आकडे घेऊन आत गेलो. मालक म्हणाले, "मग तुम्हाला हे आधी कसं कळलं नाही?"

प्रश्न रास्त होता. तीन वर्षांपूर्वी मी लेखी मागणी केली होती: दिल्लीहून शॉर्टवेव्ह रेडिओवर अचूक सायकलचा प्रमाण सिग्नल येतो, तो घेण्यासाठी एक चांगला रिसीव्हर द्या. "सरकारी वीज आहे, पन्नास म्हणजे पन्नास," असा शेरा मारून कागद परत आला. मीही फरक अर्ध्या टक्क्याचा असेल असं धरून चाललो. मोजला नाही. त्यानंतर प्रत्येक शीटवर माझी सही आहे.

आता रिसीव्हर दोन दिवसांत आला. मालकांनी गिऱ्हाइकाला पाठवायचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: ऑपरेटरची चूक, कामावरून कमी केले.

"यावर मी सही करणार नाही," मी म्हणालो. "रेफरन्स म्हणून घेतलेली वीज चुकीची होती, असं लिहा. जबाबदार टेस्ट इन-चार्ज. माझं नाव घाला."

"एका बाईसाठी?"

"तिच्याशिवाय हे तेवीस कोण करणार आहे? तुम्ही?"

मालकांनी पत्र परत ओढून घेतलं. ऑर्डर गेली असती, म्हणून पत्र बदललं. लाज वाटली म्हणून नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी इंदूबाई परत स्कोपसमोर बसली. तेवीसपैकी बावीस पास झाले. एकाचा आतला काचेचा व्हॉल्व्ह कमजोर होता, तो बदलून तोही गेला. तिची माफी दुसऱ्या कुणी मागितली नाही. मी मागितली, तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या साहेब, पास झालेल्या पैल्या सतरांवर बी खुणा माज्याच व्हत्या, तवा कुनी इचारलं न्हाई."

मोजणाऱ्याला धरण्याआधी माप तपासावं, एवढं मी शिकलो, तेही उशिरा. तिला घरी बसवलेल्या नऊ दिवसांचे सव्वाएकोणतीस रुपये माझ्यासमोर रोख मिळाले. माझी पंधरा रुपयांची वार्षिक वाढ थांबवली. ती थांबवणं बरोबरच होतं. मालकांचं काय थांबलं, ते मला कुठल्याच कागदात सापडलं नाही.